धुरावरचं पाणी

बाबांनी झुरका घेतला की भट्टी गप्प व्हायची. खरं तर भाता माझ्याच हातात असायचा आणि मीच तो ओढायची थांबायचे, पण बघणाऱ्याला वाटायचं की बाबांनी भट्टीचाच श्वास आत ओढून घेतला. विळ्याचं पातं लाल झालं की ते नुसती धार दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवायचे. चर्र झालं की बाहेर. दगडावर एकदा घासायचं, आणि मग बिडीचा एक झुरका, लांब. गाल आत जायचे, गळ्याची हाडं वर यायची, आणि धूर छातीत कोंडून ते पात्याकडे बघत उभे राहायचे. पात्याच्या पाठीत उरलेली धग धारेकडे सरकायची आणि तिच्यापुढे रंग पळायचा. आधी फिकट पिवळा, मग वाळल्या गवताचा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पकडायचं ते गवताच्या रंगावर. बाबांच्या नाकातून धूर आपोआप सुटायचा आणि त्याच क्षणी अख्खं पातं पाण्यात.

याला आम्ही पाणी देणं म्हणतो. लवकर दिलं तर धार काचेसारखी तुटते. उशिरा दिलं तर पत्र्यासारखी वाकते.

मी एकदा विचारलं होतं, रंग दिसतोच आहे तर झुरका कशाला.

"डोळ्याने बघून हाताला सांगेपर्यंत रंग पुढे गेलेला असतो," बाबा म्हणाले. "छाती बरोबर सांगते."

आपल्या घरात पाणी धुरावरच चढतं, असं आजोबा म्हणायचे. त्यांचे वडीलही म्हणायचे. दोघंही खोकत खोकत गेले. आजोबांनी बाबांना पहिली बिडी दिली ती हातोडा द्यावा, सांडस द्यावी तशी, अवजार म्हणून. त्यामुळे बिडी सोडा असं आमच्या घरात कोणी म्हणायचंच नाही. सुताराला कोण म्हणतं, करवत सोड म्हणून. उलट आमचं सगळं घर बिडीवर चालायचं. दूध उतू गेलं तर आई म्हणायची, एका बिडीपुरती मागे वळले आणि गेलं. दुकान किती लांब, तर जाऊन येऊन दोन बिड्या.

मला शाळा जमली नाही. मास्तरांची छडी मोडून त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि घरी येऊन घण उचलला. आई आठवडाभर बोलली नाही. बाबा म्हणाले, हात सरळ ठेव, कमरेतून उचल, बस. तेव्हापासून घण माझा, भाता माझा. पाणी द्यायला मात्र ते शिकवेनात.

"का, मुलगी म्हणून?"

"बिडी ओढशील?"

यावर मी भाता ओढायला लागायचे. खरं सांगायचं तर ओढली असती. आज ना उद्या ते स्वतःच पुढे करतील याची वाट बघत होते.

धाकट्या भावाला सगळे पिपाणी म्हणतात. त्याची छाती वाजते म्हणून. घरात तो कुठे आहे हे शोधावं लागत नाही. पावसाळी हवेत जास्त वाजतो, पळाला की वाजतो, हसला की तर फारच. "ए पिपाणी, वाजव की जरा," म्हटलं की तोही तोंड फुगवून वाजवायचा. आम्ही हसायचो.

कापणी तोंडावर आली होती. मुकादमाने त्याच्या सगळ्या टोळीचे विळे आमच्याकडे टाकले होते. तेव्हाच एका सकाळी पिपाणी वाजता वाजता थांबला. ओठ जांभळे झाले, निळ्याच्या आधीचे. पात्यावर तो रंग आला की काम बिघडलं असं मला माहीत होतं. बाबांनी हातातलं पातं तसंच आगीत टाकलं, त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्याकडे धावत सुटले. मागून आई, आईच्या मागून मी.

नर्सबाईने त्याच्या तोंडाला वाफेचा मुखवटा लावला. जरा रंग आला तसं तिने त्याची छाती ऐकली, मग वाकून त्याच्या केसांचा वास घेतला. मग बनियनचा.

"हा कधीपासून ओढतो?" तिने विचारलं.

"काय?"

"बिडी."

बाबा हसले. आईपण हसली, लाजल्यासारखी. बाकावरचा एक म्हातारा तर खो खो हसला. नर्सबाई हसली नाही.

"अहो बाई, याचे अजून दुधाचे दात पडले नाहीत," बाबा म्हणाले.

"ओढत कोणीही असेल. पितोय हा."

"आमची भट्टी आहे बाई. धूर असणारच."

"भट्टी घरात आहे?"

"नाही. पुढे, छपराखाली."

"आणि बिडी कुठे ओढता?"

बाबा पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसले. मला अशी गप्प माणसं सहन होत नाहीत.

"खाटेवर," मी म्हणाले. "हा त्यांच्याच कुशीत झोपतो."

"भट्टीजवळ याला फिरकू देऊ नका," नर्सबाई म्हणाली. "पण भट्टी बाहेर आहे. बिडी उशाशी आहे." आणि तिने औषधाचा पंप कसा ओढायचा ते पिपाणीला शिकवलं. पंप तोंडात धरायचा, दाबायचा, आत ओढायचा, कोंडून धरायचा, मग सोडायचा. पिपाणीला कोंडून धरता येईना. आत घेतलेलं लगेच खोकून बाहेर. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, ओढ, कोंड, सोड. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. हाच धडा त्यांना आजोबांनी वेगळ्या कामासाठी दिला होता.

परत येताना तो बाबांच्या पाठीवरच होता. बाबा चालता चालता मध्येच थांबायचे, मान तिरकी करायचे, पुन्हा चालायचे. नंतर आईला म्हणाले, "पाठीच्या मणक्यात वाजत होता गं."

घरी आल्यावर त्यांनी खिशातलं बंडल काढून भट्टीत टाकलं. "मार भाता," मला म्हणाले. मी असा मारला की ठिणग्या छपराला लागल्या.

मला वाटलं, झालं. बिडी सुटली. इतकं सोपं असतं तर काय.

पहिले काही दिवस बाबा आमचे नव्हतेच. अंगाला दरदरून घाम, हात थरथर, आणि तोंडात कायम काहीतरी, काडी, दोऱ्याचं टोक, खिळा. बसले की उठायचे, उठले की कशाला उठलो म्हणून उभे राहायचे. हात सारखा कानावर जायचा. तिथे बिडी असायची. नुसता कान चाचपून हात खाली यायचा. एक दिवस भाजी अळणी म्हणून ताट सरकवलं, दुसऱ्या दिवशी आईने मीठ तेवढंच घातलं तर म्हणाले, खारट करून मारतेस का. आई म्हणाली, "मीठ तेच आहे. जीभ बदलली तुमची." खोकला तर इतका वाढला की शेजारीण विचारायला आली, बिडी सोडली म्हणता मग हे काय. थुंकीतून काळं काळं पडायचं. मी बादलीभर पाणी ओतून यायचे.

एकदा माझा घण जरा तिरका बसला. त्यांनी सांडस भिरकावली. ती माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटली. मीही घण टाकला.

"ओढा ना मग," मी म्हणाले. "जा, आणा आणि ओढा. आम्हाला कशाला जाळताय."

बाबांनी सांडस उचलली. हाताने पुसली. "उचल घण," एवढंच म्हणाले. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्यांचा खालचा ओठ दातांनी आतून फाटला होता. एवढा मोठा माणूस, लोखंड वाकवणारा, आणि एक काडीएवढी गोष्ट त्याला आतून असं धरून हलवत होती. आणि तो सुटत नव्हता, पण पडतही नव्हता. मी घण उचलला. त्या दिवशी पुन्हा तिरका बसू दिला नाही.

पण पाणी बसेना.

पहिला विळा तुटून परत आला तेव्हा आम्ही म्हणालो, कावळा बसला आणि फांदी मोडली. दगडावर लागला असेल. मग दुसरा आला. बाबा धार बुडवायचे, काढायचे, घासायचे, आणि मग पुढचं काय ते त्यांच्या छातीला कळायचं नाही. घाईने बुडवायचे, तुटायचं. थांबून बघायचे, रंग निळ्यावर जायचा, वाकायचं. रिकामा श्वास कोंडून बघितला तर खोकल्याने तो मध्येच फुटायचा. एकच पातं पुन्हा पुन्हा तापवून पोलाद मरून जातं. कोपऱ्यात मेलेल्या पात्यांचा ढीग झाला.

मुकादम आला तो टोळीतली माणसं घेऊनच आला. ऐरणीवर पाय ठेवून उभा राहिला. ऐरणीवर कोणी पाय ठेवत नाही. त्याने नवा विळा हातात घेतला आणि दोन बोटांनी वाकवला. तो वाकला आणि तसाच राहिला.

"लोहारदादा, हा विळा आहे का केळीचं पान?"

माणसं हसली.

"काल एक तुटला," मुकादम म्हणाला. "टोक माझ्या माणसाच्या पोटरीजवळून गेलं. आत गेलं असतं तर तुम्ही आला असता कापायला?"

"करून देतो परत," बाबा म्हणाले.

"कशाने? हात बघा तुमचा." त्याने कानावरची बिडी काढली आणि बाबांच्या तोंडासमोर धरली. "घ्या. कापणी होऊ द्या, मग सोडा. बिडी कुठे पळून चाललीय?"

"आधी पाय काढा," मी म्हणाले.

"काय गं?"

"ऐरणीवरचा पाय. का घण मारून सरळ करून देऊ."

"गप," बाबा मला म्हणाले. मग त्यांनी मुकादमाच्या हातातून तो वाकडा विळा दोन्ही हातांनी घेतला, जणू काही मोलाची वस्तू परत मिळाली. बिडीकडे बघितलं नाही. पण नाकपुड्या फुलल्या ते मी बघितलं.

मुकादमाने पाय काढला. "उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर नदीपलीकडे लोहार आहे. तो बिडीपण ओढतो आणि विळेपण करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली तेव्हा आई छपराखाली आली. ती सहसा येत नाही. तिने पदराखालून बिडीचं नवं बंडल काढलं आणि ऐरणीवर ठेवलं. शेजारी काडेपेटी.

मला वाटलं मला दिसतंय ते खोटं आहे.

"बाहेर ओढा," ती बाबांना म्हणाली. "पोराला मी माझ्याकडे झोपवते. हात पाय धुऊन घरात या. कापणी होऊ द्या."

"आई, तुला वेड लागलंय का?"

"तू बोलू नकोस. हे काम गेलं तर पुढच्या वर्षी कोण येणार आहे आपल्या दारात? तोडगा असला तर सांग, नुसती तडतडू नकोस." तिचा आवाज फाटला. "मला काय हौस आहे का."

ती गेली. घरातून पिपाणीचा पंपाचा आवाज आला, फुस्स, आणि मागून खोकला. अजूनही त्याला कोंडता येत नव्हतं.

बाबांनी बंडलावरचा दोरा सोडला. एक बिडी काढली, बोटांत फिरवली, नाकाशी नेली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा त्यांचे हात थरथरायचे थांबले. नुसत्या वासाने. मला ते बघून भीती वाटली आणि ते बघत राहावंसंही वाटलं. त्यांनी बिडी ओठात धरली. पेटवली नाही. "एक पातं असंच बघू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नाही बसलं तर मग..."

त्यांनी पातं आगीत सरकवलं.

मी भाता मारायला लागले. रागाने डोळ्यात पाणी आलं होतं, त्यामुळे आग दुप्पट दिसत होती. पातं लाल झालं, मग केशरी. बाबांनी सांडशीने काढलं. धार पाण्यात, चर्र, बाहेर. घासलं. न पेटलेल्या बिडीतून त्यांनी हवा ओढली. रंग पळायला लागला. आणि त्यांनी बुडवलं.

"लवकर," मी म्हणाले.

"काय?"

"लवकर बुडवलंत. तुटणार आता."

त्यांनी ऐरणीच्या कडेवर पातं टेकवून हातोडीने टिचकी मारली. टोक काचेसारखं उडालं. त्यांनी बिडी ओठातून काढली.

"तुला कुठून दिसलं? तू तर तिकडे भात्याजवळ."

"दिसलं कुठे? माझा श्वास सुटला नव्हता अजून."

"कसला श्वास?"

मला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही कोंडता तेव्हा मी कोंडते ना. तुम्ही सोडता तेव्हा सोडते."

"कधीपासून?"

"मला काय माहीत. कायमच."

खरंच मला माहीत नव्हतं. भाता हातात यायच्याही आधी मी तिथे कोळशाच्या पाटीजवळ बसलेली असायचे. सगळी भट्टी श्वास धरते तर मीपण धरायचे. मला वाटायचं सगळेच धरतात.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग जवळ आले, मला पाठमोरी वळवलं आणि माझ्या पाठीला कान लावला, पिपाणीच्या पाठीला लावायचे तसा. मी मोठी झाल्यापासून त्यांनी मला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांची दाढी सदऱ्यातून टोचत होती.

"श्वास घे," ते म्हणाले. मी घेतला. "सोड." मी सोडला. खूप वेळ कान तसाच. माझ्या छातीत काय ऐकत होते कोण जाणे. शेवटी म्हणाले, "वाजत नाही."

"मी कशाला वाजेन."

"माझी बिडी तूपण ओढत होतीस इतकी वर्षं," ते म्हणाले. आवाज भलताच बारीक आला. "पेटवायची तेवढी बाकी होती."

मी सदरा सरळ केला आणि पुन्हा भात्याजवळ गेले.

त्यांनी डोळे पुसले, धुरामुळे पुसावेत तसे. मग आगीत दुसरं पातं सरकवलं. "चल. मी पात्याकडे बघणार नाही. तू सोडशील तेव्हा बुडवतो."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर ते बंडल आहेच."

मी भाता ओढला. पातं लाल झालं, केशरी झालं. बाबांनी काढलं. धार पाण्यात. चर्र. बाहेर. घासलं. मी भाता सोडला आणि श्वास आत ओढला. आजपर्यंत तो आपोआप जायचा. आज पहिल्यांदा मला तो जाताना कळला, नाकातून, गळ्यातून, खाली, बरगड्यांच्या आत. तिथे त्याची जागा ठरलेली होती. घासून गुळगुळीत झालेली. बाबांच्या बापाने बाबांच्या छातीत ठेवलेलं माप, त्यांच्याकडून न सांगता माझ्यात आलेलं, आणि त्यात धुराचा टिपूस नाही. बाहेर रंग पळत असणार. मी पात्याकडे बघितलं नाही. बाबांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्या नाकाकडे बघत होते, मुलं पतंगाकडे बघतात तसे.

श्वास सुटला.

पातं पाण्यात गेलं. वाफेत आम्ही दोघंही दिसेनासे झालो.

बाबांनी ते बाहेर काढून उजेडात धरलं. धारेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळल्या गवताचा रंग होता. एकसारखा. त्यांनी ऐरणीच्या कडेवर टिचकी मारली. ते वाजलं. इतकं लांब वाजलं की आई दारात येऊन उभी राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी वाकवलं, ते वाकलं, आणि सोडल्यावर सपकन सरळ झालं.

"कोणी दिलं पाणी?" आईने विचारलं. बिडीचा वास येतोय का म्हणून ती हवा हुंगत होती.

बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिने? हिला ओढायला दिलीत?" आईने पदर खोचला.

"अगं, नाही. हिला बिडी लागत नाही. मलाही लागत नव्हती म्हणे. आमच्या बापजाद्यांनी उगाच छाती जाळली." त्यांनी ऐरणीवरचं बंडल उचललं. "हे परत घेईल का दुकानदार?"

"दोरा सोडलेलं कोण घेतं?"

"मग यालाही पाणी देऊ," बाबा म्हणाले आणि बंडल डोणीतल्या पाण्यात बुडवून धरलं. बुडबुडे आले. आई आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली, मग तिथेच खाली बसली.

संध्याकाळी मुकादम आला. विळा घेतला, दोन बोटांनी वाकवायला गेला, जमलं नाही. मुठीने वाकवला, सोडला. विळ्याने त्याच्या अंगठ्यावर फटका दिला. तो अंगठा चोखत म्हणाला, "शेवटी ओढलीत ना? मी म्हणालोच होतो."

"हो," बाबा म्हणाले. "हिने ओढली. हवा."

त्याला काही कळलं नाही. ऐरणीवर मात्र त्याने पाय ठेवला नाही.

कापणी सरेपर्यंत सगळ्या विळ्यांना पाणी माझ्या श्वासावर मिळालं. पुढे बाबांचा खोकला बसला, हात स्थिरावला, तशी सांडस त्यांनी माझ्या हातात दिली आणि भाता स्वतः धरला. अजूनही कधी कधी त्यांचा हात कानावर जातो. तिथे काही नसतं. मग ते कान खाजवल्यासारखं करतात.

एका दुपारी मी शेवटच्या काही पात्यांना पाणी देत होते. धार बुडवली, काढली, घासली, श्वास कोंडला. पिपाणी लांब घराच्या उंबऱ्यावर बसला होता, त्याला तिथपर्यंतच यायची परवानगी आहे. माझी नजर सहज गेली. त्याचे गाल फुगलेले होते. डोळे मोठे, हात गुडघ्यांवर घट्ट. तो माझ्याकडे बघत श्वास कोंडून बसला होता.

मला वाटलं आता खोकेल. आता फुटेल. बाबांनीही बघितलं, आणि त्यांचा हात भात्यावर तसाच राहिला. धग सरकत होती, रंग पळत होता, आणि मी पात्याकडे बघायचं विसरून त्या दोन गालांकडे बघत होते. ते फुगलेलेच होते. अजून फुगलेले. अजून.

माझा श्वास सुटला. पातं पाण्यात गेलं. चर्र झालं आणि त्याच्याबरोबर उंबऱ्यावरून फू असा मोठा आवाज आला.

मग आम्ही कान लावून बसलो, बाबा आणि मी, वाजतंय का ते ऐकायला. नुसती डोणीतल्या पाण्याची खळखळ ऐकू येत होती.